कायद्याला एक्सपायरी डेट असावी का? (भाडे कायद्याच्या निमित्ताने)

चौथा_मजला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून काढतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

गिरगावातल्या चाळीत जन्मलो, अजून तिथंच राहतो. गेल्या महिन्यात वडिलांचं कपाट आवरताना भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला, वर वडिलांच्या अक्षरात "जपून ठेवणे". सगळ्यात जुनी पावती १९७८ची, भाडं रुपये ४१. सगळ्यात वरची १९९६ची. मूळ भाडं ४१च, फक्त टॅक्स आणि सेसचे आकडे वाढलेले. मधल्या अठरा वर्षांत मी शाळेत जाऊन नोकरीला लागलो, दुधाची पिशवी कुठून कुठे गेली आणि त्या एका रकान्यातला आकडा हलला नाही. आमच्या गॅलरीला २००९पासून लाकडी टेकू आहेत, लहान पोरांना तिथं उभं राहू देत नाही आम्ही. मालक म्हणतात एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून करू, आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्तर काय द्यायचं ते मलाही कळत नाही.

मग हा कायदा नक्की काय होता ते वाचायला घेतलं आणि जे सापडलं त्याने चक्रावलोच. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा कायमचा नव्हताच! महायुद्ध, फाळणी, शहरात आलेले लोंढे, जागेची टंचाई, म्हणून केलेला तात्पुरता कायदा. भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं आणि कायद्यातच तारीख घातली, ३१ मार्च १९५० पर्यंत लागू. म्हणजे आपण आज ज्याला सनसेट क्लॉज म्हणतो तो त्यात पहिल्या दिवसापासून होता. आणि तरी तो कायदा २००० साल उजाडेपर्यंत जगला, कारण तारीख जवळ आली की विधिमंडळ मुदत वाढवायचं, परत तारीख आली परत वाढवायचं. पन्नास वर्षं.

शेवटी मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले. १९ डिसेंबर १९९७चा निकाल, मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कोर्ट म्हणालं की कायदा केला तेव्हा वाजवी होता पण काळ जाता जाता त्यातली प्रमाण भाड्याची, म्हणजे भाडं जुन्या पातळीला बांधून ठेवणारी तरतूद अवाजवी, मनमानी झाली. तरीही कोर्टाने ती रद्द केली नाही, कारण कायद्याची मुदत तशीही ३१ मार्च १९९८ला संपत होती, तेव्हा सरकारने नवीन करावा, आणि हाच कायदा आहे तसा पुढे ढकलाल तर ते घटनेच्या कलम १४ मध्ये, म्हणजे समानतेच्या हक्कात, बसणार नाही. त्यावर काय झालं, तर आणखी मुदतवाढ. नवा कायदा, म्हणजे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, अखेर ३१ मार्च २०००ला लागू झाला.

तर माझा प्रश्न असा. प्रत्येक कायद्याला मुदत असावी, नूतनीकरण नाही केलं तर आपोआप संपावा, असं खूप जण म्हणतात, मीही म्हणायचो. पण आपल्याच राज्यात मुदत होती आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. मग चूक मुदतीच्या कल्पनेतच आहे, की ती वापरायच्या पद्धतीत?


वाड्याची_नात

चौथा मजला, मी पलीकडच्या बाजूची. सदाशिव पेठेत आजीचा वाडा होता, अकरा बिऱ्हाडं. लोकांना वाटतं मालक म्हणजे गब्बर, पण आजी स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहायची, भाडेकरूंच्या खोल्या तिच्यापेक्षा मोठ्या होत्या. पानशेतच्या पुरानंतर भिंती खचल्या त्या खचल्याच. एका पावसाळ्याआधी कौलं बदलायला आजीने हातातल्या पाटल्या मोडल्या हे मी आईकडून ऐकलंय, आणि त्या वर्षी सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून जमलेलं भाडं तेवढ्या कौलांनाही पुरलं नसतं. भाडेकरू वाईट नव्हते हो, त्यातल्या एका काकूंनी आजीला शेवटपर्यंत डबा दिला. ते कायद्याने ठरलेलं भाडं देत होते आणि आजी कायद्याने ठरलेलं भाडं घेत होती, दोघांच्या डोक्यावर तेच छप्पर गळत होतं.

माझं मत स्पष्ट आहे, मुदत पाहिजेच. पण वाढवताना कुणीतरी उभं राहून सांगितलं पाहिजे की का वाढवतोय. आजीच्या आयुष्यात किती वेळा मुदतवाढ झाली असेल, एकदाही कुणी वाड्यात येऊन भिंतीला हात लावून बघितलं नाही.


काळा_कोट

चांगला धागा. थोडं कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण "संपला" आणि "रद्द केला" यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तो लक्षात न घेता ही चर्चा भरकटते.

कायदा रद्द केला की जनरल क्लॉजेस ॲक्टचं, म्हणजे सगळ्या कायद्यांना लागू असणारे सर्वसाधारण नियम सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ६ मदतीला येतं, आधीचे हक्क, चालू खटले, झालेल्या शिक्षा सगळं शाबूत राहतं. पण मुदत संपून कायदा गेला तर हे कलम आपोआप लागत नाही. त्या कायद्यातच तशी सोय लिहिलेली नसेल तर त्याखाली चालू असलेली कारवाई साधारणपणे तिथल्या तिथे संपते. म्हणून तात्पुरता कायदा करणारे शहाणे असतील तर सोय आधीच लिहून ठेवतात. टाडाचं, त्या दहशतवादविरोधी कायद्याचं उदाहरण घ्या. १९८५ला दोन वर्षांसाठी आला, १९८७ला परत नव्याने केला, मग १९८९, ९१, ९३ला वाढवला आणि मे १९९५मध्ये मुदत संपून गेला. पण चालू खटल्यांना धक्का लागणार नाही हे त्यात लिहिलेलं होतं, म्हणून तर १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला टाडा कोर्टातच चालला आणि निकाल २००६-०७ साली लागला. कायदा मेल्यानंतर अकरा-बारा वर्षांनी.

आणि चौथा मजला, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर टाडातच आहे. तिथं मुदत चालली! का चालली, तर तोपर्यंत कायद्याच्या गैरवापराचे ढीग साठले होते, हजारो लोक आत आणि दोषी ठरणारे अगदी मोजके, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे त्या वेळचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी फेब्रुवारी १९९५मध्ये खासदारांना पत्र लिहून सांगितलं की हा वाढवू नका. म्हणजे तारीख होती आणि तारखेच्या आधी कुणीतरी हिशोब मांडला. भाडे कायद्यात तारीख होती, हिशोब नव्हता.


मिरजकर

पण टाडा जाऊन काय झालं, पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा आला ना. त्यालाही तीन वर्षांची मुदत होती, २००४ला रद्द झाला, आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात टाकल्या ज्याला मुदतच नाही. म्हणजे मुदतीचं कुलूप असलेल्या खोलीतलं सामान उचलून उघड्या खोलीत ठेवलं. हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण आता दर दोन-तीन वर्षांनी जी थोडीफार चर्चा व्हायची तीपण होत नाही.


मुक्ता_एन

सगळे एका सुरात बोलताय म्हणून मुद्दाम वेगळं लिहिते. "आपोआप संपेल" हे ऐकून तुम्हाला मोकळं वाटतं, मला पोटात गोळा येतो. कायद्याचा जाच ज्याला होतो त्याच्यासाठी मुदत चांगली. पण कायदा हाच ज्याचा एकुलता एक आधार आहे त्याच्यासाठी मुदत म्हणजे दर काही वर्षांनी दारात उभं राहून परत हात पसरायचे. ॲट्रॉसिटी कायदा, माथाडी कायदा, किमान वेतन, रोजगार हमी, यांना दर दहा वर्षांनी "नूतनीकरण करा" म्हटलं तर विरोधकांना तो कायदा रद्द करायला बहुमतही लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं, अधिवेशन गोंधळात वाहून जाऊ द्यायचं, संपला कायदा. कुणाच्या नावावर मतही नाही.

माझे वडील बंदरावर माथाडी होते. १९६९चा कायदा आला म्हणून त्यांना प्रॉव्हिडंट फंड बघायला मिळाला. दर दहा वर्षांनी त्या हक्कासाठी मोर्चा काढायला लागला असता तर त्यांच्या पाठीत तेवढं बळ उरलं नसतं.


रोखठोक_७७

मुक्ता यांच्याशी थोडा असहमत. आरक्षण पण दहा वर्षांसाठीच होतं ना? मग ते वाढतच गेलं की. मुदत असली तरी ज्याच्या मागे मतं आहेत ते संपत नाही.


मुक्ता_एन

रोखठोक, हे इतक्या वेळा फिरतं की प्रत्येक वेळी नीट सांगावंच लागतं. दहा वर्षांची मुदत होती आणि आहे ती फक्त लोकसभा आणि विधानसभेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना, कलम ३३४. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाला घटनेत कुठलीही मुदत घातलेली नाही. आणि ती दहा वर्षंसुद्धा कमी आहेत असं खुद्द बाबासाहेबांचं मत होतं, घटना समितीत त्यांनी ते बोलून दाखवलं होतं.

आता कलम ३३४ दर दहा वर्षांनी वाढत आलंय, शेवटचं २०१९च्या १०४व्या घटनादुरुस्तीने, २५ जानेवारी २०३० पर्यंत. पण त्याच दुरुस्तीत अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनियुक्त जागा मात्र वाढवल्या नाहीत, त्या जानेवारी २०२०मध्ये संपल्या. छोटा समाज, मतं थोडी. तुम्ही म्हणता तेच झालं बघा, ज्याच्या मागे मतं त्याचं टिकतं, मग ज्याच्या मागे नाहीत त्याने काय करायचं? माझी भीती तीच आहे.


ह्युस्टनकर

इथं टेक्सासमध्ये १९७७पासून सनसेटचा कायदा आहे त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं लिहितो. इथं सरसकट सगळ्या कायद्यांना मुदत नाही, सरकारी खाती, बोर्ड, कमिशन यांना आहे. साधारण बारा वर्षांनी प्रत्येकाची पाळी येते. बारा जणांची समिती असते, पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि दोन बाहेरचे नागरिक, आणि त्यांचा स्वतःचा स्टाफ त्या खात्याची आधी कित्येक महिने तपासणी करतो, अहवाल छापतो, जाहीर सुनावणी होते, कुणीही जाऊन बोलू शकतं. आणि मग विधिमंडळाने ठरवून ठेवायचं, नाहीतर खातं बंद. काळा कोट यांनी म्हटलेला हिशोब इथं कायद्यानेच सक्तीचा आहे.

पण मुक्ताताईंची भीतीही खोटी नाही. २०१९ला प्लंबरांना लायसन्स देणाऱ्या बोर्डाची पाळी होती. ते बोर्ड दुसऱ्या खात्यात विलीन करायचं की नाही यावर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही आणि अधिवेशन संपलं. इथं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस. परिणाम असा की बोर्डच नाही तर प्लंबिंगच्या लायसन्सचा अख्खा कायदाच संपायला निघाला. तेव्हा आमच्याकडे किचनच्या पाइपचं काम चालू होतं, येणारा प्लंबर वीस वर्षं लायसन्स असलेला माणूस, तो सिंकखाली आडवा पडूनच सांगत होता की उद्यापासून कुणीही उठून पाइप जोडेल, गॅसची लाइनसुद्धा. शेवटी गव्हर्नरने हार्वे वादळानंतरच्या पुनर्बांधणीचं कारण देऊन आपत्तीच्या अधिकारात त्या बोर्डाला २०२१पर्यंत जीवदान दिलं. प्लंबर नकोत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. नुसता वेळ संपला होता.


डेक्कनवाला

वेळ संपण्यावरून आठवलं. आपल्याकडे आपोआप संपणारा एक प्रकार घटनेतच आहे, वटहुकूम. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने मंजूर नाही केला तर गेला. याहून कडक मुदत कुठली असणार? आणि तिचं काय झालं ते शोधून काढलं आपल्या पुण्याच्या माणसाने. गोखले इन्स्टिट्यूटचे प्रा. डी. सी. वाधवा. बिहारच्या अभ्यासात त्यांना दिसलं की तिथं वटहुकूम संपायच्या बेतात आला की तोच परत काढतात, विधानसभेसमोर आणतच नाहीत. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम, काही तर चौदा चौदा वर्षं जिवंत ठेवलेले! या माणसाने एकेक गॅझेट काढून तारखा जुळवल्या, पुस्तक लिहिलं आणि स्वतः सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९८६ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की ही घटनेशी लबाडी आहे.

माझं म्हणणं एवढंच, की मुदत पाळली जाते की नाही हे बघायला कुणीतरी तारखा मोजत बसणारा लागतो. तो सरकारी नोकर नव्हता, एक प्राध्यापक होता. चौथा मजला यांच्या भाडे कायद्याच्या तारखा पन्नास वर्षं कुणी मोजत बसलं असतं तर?


वॉर्ड_नंबर_६

मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, पहिल्यांदाच लिहितेय. मला जुन्या कायद्यांबद्दल सांगायचंय. कोविडमध्ये आम्ही ज्या कायद्याखाली काम केलं तो १८९७चा साथरोग कायदा. मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईने केलेला, सगळा मिळून चार कलमांचा. त्याच प्लेगच्या बंदोबस्तात रँडच्या सोजिरांनी पुण्यात घरात घुसून जे केलं आणि पुढे चापेकर बंधूंनी जे केलं ते आपण सगळे शाळेत शिकलो. कायदा तोच राहिला, सव्वाशे वर्षं.

त्यात सरकारला पाहिजे ते करायचा अधिकार होता, पण विलगीकरणात ठेवलेल्या माणसाला खायला कोण घालेल, त्याच्या घरच्यांना कोण कळवेल, नर्सला पीपीई किट द्यायची जबाबदारी कुणाची, यावर अक्षर नव्हतं. मार्च २०२०मध्ये आमच्या वॉर्डात एका आजींना आणलं, त्यांचा मुलगा गेटबाहेर तीन दिवस उभा होता, आणि त्याला आत काय चाललंय हे सांगायचं की नाही, कुणी सांगायचं, याचा काही नियमच आम्हाला कुणी दाखवू शकलं नाही. मी दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवरून त्याला आईचा आवाज ऐकवला. आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा २२ एप्रिल २०२०ला वटहुकूम काढून शिक्षा घातली, तेवढाच बदल.

कुणी म्हणेल बघा, जुना कायदा होता म्हणून निभावलं, मुदत घातली असती तर २०२०ला हातात काहीच नसतं. हो, खरंय. पण त्याची दर दहा-पंधरा वर्षांनी उजळणी झाली असती तर एवढ्या वर्षांत कुठल्यातरी वेळी कुणीतरी विचारलं असतं ना, की यात पेशंट कुठाय?


काळा_कोट

वॉर्ड नंबर ६, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मुक्ता यांच्या मुद्द्यावर विचार करत होतो. मला वाटतं आपण दोन गोष्टी एकच समजतोय, तपासणीची तारीख आणि मरणाची तारीख. सरकारला जादा अधिकार देणारे कायदे, म्हणजे अटकेचे, झडतीचे, मालमत्तेवर टाच आणायचे, यांना मरणाची तारीख असावी. सरकारला ते हवे असतील तर सरकारनेच परत येऊन पटवावं. पण माणसाला हक्क देणाऱ्या कायद्याला मरणाची तारीख नको, फक्त तपासणीची. न तपासल्याची शिक्षा सरकारला व्हावी, कामगाराला नाही.

अडचण आहे ती वेळेची. मागच्या म्हणजे १७व्या लोकसभेचं कामकाज पाच वर्षांत मिळून २७४ दिवस चाललं. एवढ्या दिवसांत नवी विधेयकंच धड वाचली जात नाहीत. सगळ्या कायद्यांना तारीख घातली तर एका दुपारी पन्नास कायद्यांची मुदतवाढ आवाजी मतदानाने होईल आणि परत भाडे कायद्याचाच प्रकार. म्हणून थोड्याच कायद्यांना मुदत घाला, पण अहवाल पटलावर ठेवल्याशिवाय मुदतवाढीचं विधेयक मांडताच येणार नाही अशी अट त्या कायद्यातच लिहा.


रोखठोक_७७

मुक्ता, आरक्षणाचं मी चुकीचं समजत होतो, दुरुस्तीबद्दल आभार. काळा कोट, पण भाडे कायदा तुमच्या कुठल्या खणात बसतो? भाडेकरूला हक्क देतो आणि मालकाचा काढून घेतो, दोन्ही एकदमच.


वाड्याची_नात

हेच विचारणार होते. बहुतेक कायदे असेच असतात ना, एकाची पाटली मोडते तेव्हा दुसऱ्याची कौलं टिकतात. आणि पाटल्या मोडूनही कौलं टिकली नाहीतच. वाडा २००३ला पाडला.


चौथा_मजला

सगळ्यांचे आभार, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

काळा कोट, तुमची विभागणी मला पटली पण रोखठोक म्हणतात तेही खरं आहे. माझ्यापुरतं सांगतो. मुदत संपून १९५०लाच भाडे कायदा गेला असता तर माझे आजोबा कोकणातून आलेले गिरणी कामगार, त्यांना त्या खोलीतून महिनाभरात काढलं असतं आणि मी आज गिरगावकर नसतो. आणि तो तसाच चालू राहिला म्हणून माझ्या गॅलरीला टेकू आहेत. दोन्ही खरं आहे. मधली एक वाट होती, म्हणजे दर काही वर्षांनी महागाई बघून भाडं थोडं वाढवायचं, त्यातला वाटा दुरुस्तीला बांधून द्यायचा, आणि गरीब बिऱ्हाडाला संरक्षण ठेवायचं. पण त्यासाठी दर वेळी बसून आकडे मांडावे लागले असते. मुदतवाढ एका ओळीची असते, तिला आकडे लागत नाहीत.

काल परत पावत्या काढून बसलो. नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे, ती धरली तर त्या ४१चं आज मूळ भाडं सव्वाशेच्याही आत बसतं. दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते तेव्हा आमच्या मजल्यावर सगळे आधी तीच उघडतात. म्हणजे २०००लाही कुणी पुढचे पन्नास वर्षांचे आकडे मांडून बघितले नव्हते बहुतेक.

काळा कोट, एक सांगाल का, या १९९९च्या कायद्याला मुदत किती आहे? मला कलमांत सापडली नाही.


काळा_कोट

सापडणार नाही. १९४७च्याला होती. याला घातलेलीच नाही.


वाड्याची_नात

मग आता कुणी मोजायचं?


डेक्कनवाला

पावत्यांचे फोटो टाका चौथा मजला, नाव-पत्ता झाकून. १९७८पासूनच्या सगळ्या. आणि नात, तुमच्या आजीच्या वह्या असतील तर त्याही, टॅक्स आणि दुरुस्तीच्या खर्चाच्या. मी दोन्ही एका तक्त्यात भरतो.


वाड्याची_नात

एक वही आहे आईकडे. १९६१पासूनची आहे, पुरानंतरची. रविवारी जाते आणि फोटो काढून आणते.